श्रीशैलमचा घाट उतरण्याआधी

काचीगुडा, सुलतान बाजार, कुकटपल्लीतल्या मराठी मंडळींनो, श्रावण लागला की आपल्या गाड्या मल्लिकार्जुनाच्या वाटेला लागतात. मन्ननूरचा नाका ओलांडला की नल्लमलाचं जंगल आणि ईगलपेंटाच्या पुढे कृष्णेच्या धरणापर्यंत वळणावळणाचा उतार. ब्रेक दाबल्यावर तुमची गाडी थरथरत असेल, तर कृपा करून ती तशीच तिकडे नेऊ नका.

आउटर रिंग रोडवरून बाहेर पडताना वेग उतरवाल, तेव्हा लक्ष द्या. स्टिअरिंग हातात नाचलं तर दोष बहुधा पुढच्या चाकांत. सीटखाली धडधड जाणवली तर मागे बघा. ब्रेक न लावताही थरथर असेल तर आधी टायर आणि बॅलन्सिंग. खडीवर कचकन दाबल्यावर पायाला बसणारे भराभर ठोके मात्र एबीएसचे; त्यांना घाबरून पाय उचलू नका.

‘डिस्क बेंड झाली’ हे मिस्त्रीचं ठरलेलं वाक्य. खरं तर ती बहुतेकदा जाड-पातळ झालेली असते, आणि मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा फरकही पायाला कळतो. माझ्या गाडीला दोनदा नव्या डिस्क बसल्या, दोन्ही वेळा थरथर काही महिन्यांत परत आली. शेवटी कारण निघालं हबवरचा गंज! तो कोणी घासलाच नव्हता. वर टायरवाल्याने मशीनने नट वेडेवाकडे आवळलेले. त्यामुळे डिस्क बसतानाच केसभर तिरकी बसते, प्रत्येक फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते आणि तिथेच झिजते. पैसे मात्र दोन्ही वेळा पूर्ण गेले.

तेव्हा डिस्क बदलण्याआधी डायल गेज लावून मोजायला सांगा. गेज नसलेल्याचं निदान म्हणजे अंदाज. हब घासून घ्या, नट टॉर्क पान्याने समोरासमोरचे आवळून घ्या, कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का पाहा. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाणार असेल, तर ती लेथवर चढवू देऊ नका. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला. घाटात ते उकळलं की पेडल थेट तळाला जातं.

उतारावर गाडी खालच्या गेअरमध्ये ठेवा. तापलेले ब्रेक घेऊन थांबलात तर पेडल दाबून धरू नका, पॅडचा थर डिस्कवर त्याच जागी चिकटतो. चाकावर पाण्याची बादली तर अजिबात नको.

श्रावणी सोमवार गाठायचा आहे ना? मग गाडी याच आठवड्यात दाखवा, निघायच्या आदल्या रात्री नव्हे.