सुट्टीतली घोंगडी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच खल सुरू होतो : यंदा जायचं कुठं? महाबळेश्वरला गर्दी, कोकणात खोल्या मिळायची मारामार, आणि परदेशाचं नाव काढावं तर बँकेचं पुस्तक डोळे वटारतं! तिकडे स्लोव्हाकियात म्हणे हौशी मंडळी सुट्टीत खेड्यात जाऊन तारकाम आणि लेस विणणं शिकतात. कौतुक आहे, पण आपल्याला त्यासाठी विमान कशाला हवं?

बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ साली कृषी पर्यटन सुरू केलं, आणि २०२० साली राज्य सरकारनं त्याचं धोरणही ठरवलं. शेतावर राहायचं, पिठलं-भाकरी खायची, बैलगाडीत बसायचं आणि जाता जाता भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे पक्षी पाहायचे, हे आता ठरूनच गेलेलं आहे. आम्ही मात्र इंदापूरच्या वाटेवरच्या एका लहानशा केंद्रात उतरलो होतो. तिथल्या मालकांनी विचारलं, "वहिनी, पोरांना घोंगडी विणायला बसवू का?"

दोन दिवस एक वयस्कर सणगरमामा आमचे मास्तर झाले. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, मग चरख्यावर तिचं सूत काढायचं. ते काम धनगराघरच्या मावशींचं. ताणा लांबलचक ताणून त्याला कुंच्यानं चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. खळ वाळली की विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. रंग काही लावायचा नाही. मेंढी काळी तर घोंगडी काळी.

ऐकायला सोपं! माझं सूत दर वितीला तुटे आणि मावशी पदराआड हसत. धाकट्यानं तासाभरात चार बोटं विणली आणि "पाठ दुखते" म्हणून उठला. मामा म्हणाले, "ताई, दोन दिसांत काय येतंय? आमाला जलम लागला."

मग हळूहळू त्यांनी मनातलं सांगितलं. मेंढ्या आता मटणासाठी पाळतात. जाड्याभरड्या लोकरीला भाव नाही. कित्येक धनगर कातरलेली लोकर टाकून देतात. गिरणीचं ब्लँकेट स्वस्त पडतं. पावसात डोक्यावर खोळ करून घ्यायची घोंगडी, खंडोबाच्या तळीला अंथरायची घोंगडी, ती विणणारे हात मात्र म्हातारे होत चालले. मामांचा मुलगा टेम्पो चालवतो, आणि त्याला नावं ठेवायची आपली काय छाती?

निघताना मामांनी घोंगडीची किंमत सांगितली. एरवी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या आमच्या सासूबाईंनी मुकाट्यानं पैसे मोजले. वर म्हणाल्या, "मामा, कमीच सांगितलंत!"

मला वाटतं, अशा सुट्टीचा खरा धडा एवढाच. दोन दिवसांत कुणी विणकर होत नाही. पण वस्तूमागे किती हात राबतात ते कळतं. तेव्हा यंदा शेतावर जाल तर मालकांना आधीच विचारा, गावात कुणी सणगर, कुंभार, बुरूड आहे का? असला तर त्याला बोलवायला सांगा, शिकवण्याची त्याची मजुरी वेगळी द्या, आणि त्याच्या हातची एखादी वस्तू विकत घ्या.

घोंगडी अंगाला टोचते, हे खरं. पण पौषातल्या थंडीत तिच्याखाली झोपून पाहा!