नाले आणखी मोठे केले की मुंबई तुंबायची थांबेल?

२६ जुलै २००५. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पावसाची नोंद झाली. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या मात्र तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पात ही क्षमता ५० मिमी करण्याचे ठरले. तरीही जोरदार सरीवेळी मोठी भरती असली, की पाणी तुंबतेच.

नेमकी अडचण काय?
वाहिनी एका ठरावीक आकड्यासाठी बांधली जाते. हवामान बदलामुळे तो आकडाच भरवशाचा राहिलेला नाही. कमी धरला तर शहर बुडते. फार मोठा धरला तर पैसा आणि जागा पुरत नाही.

मग पर्याय?
पाणी पडेल तिथेच मुरवणे किंवा थोपवणे. खोलगट मैदाने, पाणी मुरू देणारे पदपथ, जपलेली खारफुटी. कोपनहेगनने २०११च्या अतिवृष्टीनंतर उद्याने आणि रस्त्यांनाच तात्पुरते पाणी साठवण्याच्या कामाला लावणारा आराखडा २०१२मध्ये केला.

एवढ्याने भागेल?
नाही. ९४४ मिमी पाऊस बागा पिऊ शकत नाहीत. वाहिन्या आणि पंप लागतीलच. पण मैदान कोरड्या वर्षीही खेळायला उपयोगी पडते. शिवाय ही कामे वॉर्डनिहाय, अनुभव घेत वाढवता येतात. चुकीच्या मापाची वाहिनी बदलायची तर रस्ता पुन्हा खोदावा लागतो.

म्हणूनच रस्ते सिमेंटचे होत असताना पालिकेने आधी सांगावे : इथले पाणी मुरणार कुठे?