भीती वाटणे म्हणजे ईमान कमकुवत नव्हे

आपल्यात कुणी "मला भीती वाटते" म्हटले की समोरून ठरलेले उत्तर येते, "अल्लाहवर भरोसा नाही का?" बोलणाऱ्याला धीरच द्यायचा असतो, पण ऐकणारा गप्प होतो. आधी त्याच्या मनात नुसती भीती होती, आता आपले ईमान कमी पडते की काय ही लाजही तिच्याबरोबर आली. पुढच्या वेळी तो काही बोलत नाही.

गेली काही वर्षे ही न बोललेली भीती मला घराघरांत दिसते. मुलगा परगावी शिकतो, रात्रीच्या गाडीने यायचा असतो, तो दारात येईपर्यंत आई जागी. शहरात खोली शोधणाऱ्या मुलाला नाव सांगेपर्यंत सगळे ठीक वाटते. मध्यरात्री मोबाइलवर कुठल्यातरी गावचा व्हिडिओ येतो, आजचा की पाच वर्षांपूर्वीचा ते कळत नाही, झोप मात्र जाते. यातली काही भीती खरी आहे, काही फुगवलेली. दोन्ही वेगळ्या करायच्या तर आधी ती कुणाजवळ तरी बोलावी लागते. आणि बोलायची तर आपण सोयच ठेवलेली नाही.

खरे तर आपल्याकडे याचा धडा अगदी सुरुवातीलाच आहे. इ. स. 610 मध्ये हिरा गुहेत पहिली वही (ईश्वरी संदेश) उतरली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) थरथरत घरी आले. मला पांघरूण घाला, असे म्हणाले. जीव घाबरा झाल्याचे त्यांनी पत्नीला, हजरत खदीजा (रजि.) यांना, उघड सांगितले. सहीह बुखारीच्या अगदी पहिल्या प्रकरणात हा प्रसंग आहे.

खदीजांनी त्यावर काय केले ते मी वर्गात नेहमी सावकाश सांगते. "घाबरता काय" असे त्या म्हणाल्या नाहीत. तुम्ही नातेवाइकांशी नाते जपता, दुबळ्यांचा भार उचलता, पाहुण्यांचा आदर करता, अशा माणसाला अल्लाह वाऱ्यावर सोडणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे धीर दिला तो त्यांच्याच जगण्यातले दाखले देऊन. आणि तेवढ्यावर न थांबता त्यांना घेऊन त्या वरका बिन नौफल यांच्याकडे गेल्या. ते त्यांचे चुलतभाऊ, वृद्ध, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले, जुन्या ग्रंथांचे जाणकार. आधी ऐकून घेतले, मग धीर दिला, मग जाणत्या माणसाचा सल्ला घेतला. वर्गातल्या मुलींना हा प्रसंग फार आवडतो. आपले मौलाना मात्र पुष्कळदा वहीपर्यंत येतात आणि खदीजांचा भाग दोन वाक्यांत उरकतात.

दुसरा दाखला हिजरतचा. 622 साली मक्का सोडताना प्रेषितांपेक्षा अल्लाहवर जास्त भरवसा कुणाचा होता? तरी तयारी पाहा. मदिना उत्तरेला, पण ते निघाले दक्षिणेकडे, सौर गुहेकडे. तिथे तीन रात्री थांबले. हजरत अबू बकर (रजि.) यांचा मुलगा अब्दुल्लाह शहरातल्या बातम्या आणायचा, मुलगी अस्मा यांनी शिदोरी बांधून दिली, आमिर बिन फुहैरा शेळ्यामेंढ्या त्या वाटेने हाकायचे म्हणजे पावलांच्या खुणा पुसल्या जात. वाटाड्या अब्दुल्लाह बिन उरैकित तर तेव्हा मुसलमानही नव्हता. त्याला रस्ता माहीत होता आणि तो विश्वासू होता, एवढे पुरे झाले. एवढे करूनही शोधणारे गुहेच्या तोंडाशी आले, तेव्हा अबू बकर यांचा जीव धास्तावला आणि प्रेषितांनी त्यांना धीर दिला. त्या भीतीमुळे त्यांचे ईमान कमी होते असे आजवर कुणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

तवक्कुल म्हणजे ईश्वरावरचा भरवसा, तो हा असा.

मागे एका विद्यार्थ्याचे वडील प्लास्टिकच्या पिशवीत घरातले सगळे कागद घेऊन आले होते. आधारवर नावाचे स्पेलिंग एक, रेशनकार्डावर दुसरे, शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरे. महिनाभर नीट झोप नव्हती. आम्ही बाकावर कागद पसरले आणि वहीच्या पानावर लिहीत गेलो: कुठे काय चूक, ती कुठे दुरुस्त होते, आधी कोणती करायची. शाळेतली दुरुस्ती मुलगा शाळेत आहे तोवर त्यातल्या त्यात सोपी, म्हणून ती पहिली. तासाभराने त्या पानावर सहा कामे होती. भीती गेली असे मी म्हणणार नाही. पण उद्या सकाळी कुठे जायचे हे त्यांना कळले होते, आणि जाताना त्यांनी चहा मागून घेतला.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. मन घट्ट करा, नमाज पढा, सब्र करा, हे सांगणे आणि अन्यायाबद्दल बोलू नका, हे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव ऐकून घर नाकारले जात असेल तर दोष नाकारणाऱ्याचा आहे, त्या मुलाच्या मनोबलाचा नाही. सब्र म्हणजे सोसत बसणे असा अर्थ आपणच सोयीने करून घेतला आहे. मूळ शब्दात टिकून राहणे आहे, आणि अर्ज करणे, वकिलाला भेटणे, शेजारच्या पाटीलकाकांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जाणे हेही टिकून राहण्यातच येते. हिजरतच्या वाटाड्याची आठवण इथे ठेवावी. संकटात फक्त आपलीच माणसे शोधत बसलो तर रस्ता माहीत असलेला माणूस हुकतो.

मशिदींच्या विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. जुम्याच्या बयानात महिन्यातून एकदा तरी हिराचा प्रसंग खदीजांच्या घरापर्यंत पूर्ण सांगायला लावा. आणि नमाजनंतर अर्धा तास, कागदपत्रांची जाण असलेला एखादा निवृत्त शिक्षक किंवा तरुण वकील वजूखान्याजवळ टेबल टाकून बसू द्या. बायकांसाठी तशीच सोय मदरशाच्या खोलीत करता येईल. तिथे बसायला आमच्यातल्या दोघीतिघी शिक्षिका तयार आहेत.