हप्ता कापसातून नको, धंद्यातून निघू द्या



कोरडवाहू घरात पैसा वर्षातून दोनदा येतो. दिवाळीच्या आसपास कापसाचा आणि शिमग्याच्या सुमारास दादरचा. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला, कधी दर आठवड्याला दारात उभा राहतो. भादव्यात घरात दमडी नसते, तेव्हाही. घरधंद्याचं छोटं कर्ज अंगावर येतं ते इथेच.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. ज्या धंद्यासाठी कर्ज काढलं, त्याच धंद्यातून हप्ता निघाला पाहिजे. नंदुरबारच्या बाजारातून मिरची आणून तिखट कांडणाऱ्या बाईच्या हाती दर आठवडे बाजारी पैसा येतो. तिला महिन्याचा हप्ता झेपेल. धडगावकडे आमचूर करणाऱ्या बाईचा हंगाम उन्हाळ्यापुरता. तिने हंगामापुरतंच उचलावं आणि माल विकला की फेडावं.

कर्ज मिळवायचं कुठे? आधी बचत गटात. गटाच्या बचतीवरचं व्याज गटातच राहतं. 1992 साली नाबार्डने गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. आज ‘उमेद’ आणि ‘माविम’ हेच काम करतात. त्यानंतर बँक. 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ कर्ज 50,000 रुपयांपर्यंत मिळतं, त्याला तारण लागत नाही. जमीन गहाण टाकायची गरज नाही.

गटकर्ज देणाऱ्या कंपन्या शेवटी. रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम त्यांना लागू आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. व्याज आणि खर्च आपल्याला समजेल अशा भाषेत लेखी मिळाला पाहिजे. तो कागद मागून घ्या.

कोणी ‘फक्त 12 टक्के’ म्हणालं, तर कशावर ते विचारा. 20,000 वर वर्षाचं सपाट व्याज 2,400. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं; सरासरी 11,000 च आपल्याकडे राहतात. म्हणजे खरा दर 22 टक्क्यांच्या घरात. सावकाराचे महिना शेकडा 3 रुपये म्हणजे तर वर्षाला 36 टक्के! बिनपरवाना सावकारी हा 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे.

भादव्याचा हप्ता कुठून भरणार, हे घरी बसून आधी कागदावर मांडा. उत्तर ‘कापूस येईल तेव्हा’ असं निघालं, तर त्या अर्जावर सही करू नका.