माजी सैनिकांचें खातें

लष्करांतून निवृत्त होऊन बारामती एमआयडीसींत पहारेकरी झालेला आमचा एक जुना विद्यार्थी परवां भेटला. निवृत्तिवेतनाच्या हिशेबांत चूक आहे, असें त्याचें म्हणणें. घरीं म्हातारी आई आणि दोन मुलें. ‘गुरुजी, दिल्लींत आमचें स्वतंत्र खातें आहे ना? तें कोणत्या कायद्यानें?’

आम्हांस पुस्तकें चाळावीं लागलीं. तसा कायदा संसदेनें केलेलाच नाहीं! राज्यघटनेच्या ७७ व्या कलमान्वयें राष्ट्रपति मंत्र्यांत कामाची वांटणी करतात. १९६१ च्या त्या नियमांत भर घालून २००४ सालीं संरक्षण मंत्रालयांत माजी सैनिक कल्याण विभाग निघाला. नियमानें जन्मलेलें खातें नियमानेंच मोडतांहि येईल, ही गोष्ट आम्हांस खटकते. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिति त्याच्या कारभाराची झडती घेते खरी. पण एकट्या शिपायाचा हिशेब ती कोठून तपासणार? त्यासाठीं २००७ च्या कायद्यानें सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालें. त्याचें एक पीठ मुंबईस आहे. मात्र आधीं वरिष्ठांकडे अर्ज करावा लागतो. सहा महिने निकाल न मिळाल्यास न्यायाधिकरणाचें दार मोकळें होतें.

अर्ज लिहिण्यास पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घे, असें आम्हीं त्यास सांगितलें. ‘रजा मिळाली तर जातों,’ तो म्हणाला, आणि पाळीवर गेला.