नेमक्या हव्या त्याच पेशी

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव आणि अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत, भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांमध्ये सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने तो २०४७ पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पाड्यावर करता येणारी विद्राव्यता चाचणी मात्र रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. व्यक्ती केवळ वाहक आहे की रुग्ण, हे ठरवण्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिससारखी चाचणी लागते, आणि तिथे वीज, यंत्र, तंत्रज्ञ व घाटरस्ता हे सारेच आडवे येतात.

अशा ठिकाणी स्वयंचलित सूक्ष्मप्रवाही चिपकडे, म्हणजे केसाएवढ्या वाहिन्यांतून थेंबभर रक्त पंपाविना वाहू देणाऱ्या चकतीकडे, आशेने पाहिले जाते. बर्कली येथील ल्यूक ली यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेल्या 'सिम्बास' चिपमध्ये सिलिकोनसारख्या सच्छिद्र पदार्थातील हवा आधीच निर्वातात काढून घेतलेली असते. पाकीट फोडताच तो पदार्थ वाहिनीतील हवा शोषू लागतो, त्या ओढीने रक्त पुढे सरकते, आणि वाटेतल्या खोलगट चरात रक्तपेशी बसून केवळ रक्तद्रव पुढे जातो. युक्ती देखणी आहे यात शंका नाही; पण सिकलसेलचा दोष तांबड्या पेशींच्या आतील हिमोग्लोबिनमध्ये असल्याने, ही चिप जे चरात टाकून देते तेच नंदुरबारला हवे आहे.

प्रिन्स्टनमध्ये २००४ साली सूक्ष्म खांबांच्या किंचित तिरक्या रांगांतून मोठे कण बाजूला सरकवून लहान कणांपासून वेगळे करण्याची पद्धत दाखवली गेली, आणि पुढे तीच पेशींच्या आकृतीसाठी व लवचिकतेसाठीही वापरली गेली. ऑक्सिजन घटल्यावर सिकल पेशी ताठर होतात, म्हणून हा मार्ग अधिक सयुक्तिक ठरतो. मात्र वाहकाच्या पेशी सहसा ताठर होत नाहीत, त्यामुळे ऑक्सिजन कमी करण्याची सोयही चिपमध्येच असावी लागेल, आणि तरीही अंतिम निदानासाठी हिमोग्लोबिनची चाचणी टळणार नाही.

अशा साधनांची खरी परीक्षा वातानुकूलित प्रयोगशाळेत नव्हे, तर धडगावच्या उपकेंद्रात व्हायला हवी, कारण पाकीट फोडल्यापासून चिपची ओढ ओसरू लागते, आणि ते पाकीट फोडणाऱ्या आशा सेविकेसमोर तेव्हा रांगेत आणखी बरीच माणसे उभी असतात.