सगळं घर एका पंगतीला? कधी?

परवा आमच्या नात्यातल्या एका चिरंजीवांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'काय ते दिवस होते! आजीच्या हातचं चुलीवरचं मटण आणि सगळं घर एका पंगतीला!' खाली धडाधड अंगठे. मी अंगठा दिला नाही. कारण ते खरं नाही. गोड लागतं म्हणून चुकीचं उत्तर बरोबर धरणं मास्तरकीत जमलं नाही, आता सत्तरी उलटल्यावर काय जमणार?

चवीबद्दल वाद नाही. शिरूर तालुक्यातल्या आमच्या घरी मटण दर रविवारी नसायचंच. आखाडात, जत्रेला, नाहीतर पाहुणे आले की. आई मटणाला हळद-मीठ लावून कांद्यावर परतायची, पातेल्यावर झाकण, झाकणात पाणी. आत लागेल तसं तेच गरम पाणी ओतायचं. विस्तव मंद. दोन-अडीच तास. जून मांसातला चिवटपणा असा सावकाशच विरघळतो आणि रश्श्याला अंग येतं. मग पाट्यावर वाटलेलं कांदा-खोबरं. तोवर धुराने आईचे डोळे लालबुंद.

आणि पंगत? आधी पाहुणे आणि घरातले बाप्ये. मग आम्ही पोरं. नळी मला, कारण मी थोरला. बायका सर्वांत शेवटी. दहा वर्षांचा असेन, १९६० ची गोष्ट. पाणी प्यायला आत गेलो तर आई पातेलं भाकरीने पुसून खात होती. फोड एकही नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "मला नाही बाबा फोडी आवडत. रस्साच बरा."

मी विश्वास ठेवला. पोरांना तेच सोयीचं असतं.

पुढे नोकरीनिमित्त दौंडला आलो. शेजारी रेल्वेतले एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. त्यांच्याकडे रविवारी चर्चहून आल्यावर मोठ्याचं मटण शिजे. आम्ही ते खात नव्हतो, पण रीत बघितली. जाड तुकडे, कांदा, मिरी, पाणी थोडंच, झाकण घट्ट, आच मंद. म्हणजे आमच्या आईचीच रीत! फरक पुढे होता. टेबलाशी चौघंही एकदम बसायची आणि गार्डसाहेब पहिली फोड बायकोच्या ताटात वाढायचे. मी घरी येऊन हसत हसत सांगितलं. आमची सौभाग्यवती हसली नाही.

नंतर म्हातारपणी आई आमच्याकडे राहायला आली. एका रविवारी सौ.ने तिला आमच्याबरोबर बसवलं आणि नळी तिच्या ताटात घातली. आईने ती ताटावर आपटून, चोखून साफ केली. मग हळूच विचारलं, "अजून आहे का गं?"

पन्नास वर्षं जिला फोडी आवडत नव्हत्या, ती ही बाई.

'जुन्या गोष्टी कशाला उकरता?' असं कोणी म्हणेल. जुन्या असत्या तर उकरल्या नसत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्क्यांना. पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण शेवटी बसणारीच्या ताटात काय उरतं, तेही एक कारण आहे.

आता नगर रस्त्याला जागोजागी 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या दिसतात. गाड्या थांबवून आपण आठवणी खातो. खा की! पण त्या धुरामागे भाकऱ्या थापत बसलेल्या बाईने आज जेवण केलं का, हे कधी विचारलंत?

गेली काही वर्षं आमच्याकडे मटण मी करतो. झाकणात पाणी ठेवूनच. सुनेने आणि सौ.ने आधी बसायचं, हा नियम. सौ. अजूनही अर्ध्यातून उठते, "तुम्हाला काही हवंय का?" म्हणून. सवय आम्हीच लावलेली, दोष कुणाला देणार?

तेव्हा चिरंजीव, आठवणी जरूर लिहा. फक्त आजीचं पान पंगतीत कुठे मांडलं होतं, तेही लिहा. आठवत नसेल तर तुमच्या आईला विचारा. तिला आठवत असेल.

असो. राग आला असेल तर रविवारी जेवायला या. सहकुटुंब.